भिंतीवरचे अरण्य

आमच्या देवस्थानाच्या सभागृहाची पश्चिमेकडील भिंत रिकामी होती, एवढ्या साध्या कारणावरून या लेखाचा जन्म झाला आहे. सभागृहाचा जीर्णोद्धार झाला, भिंतींना नवा रंग लागला, आणि समितीच्या एका बैठकीत कोणी तरी सूचना मांडली की, देवादिकांच्या तसबिरी आपल्याकडे पुष्कळ आहेत. या भिंतीवर निसर्गाची तीन मोठी छायाचित्रे लावावीत. सूचना एकमताने संमत झाली. ती अमलात आणण्याचे काम माझ्याकडे आले. वकिलाला कागद कळतो, तेव्हा कागदावरचे चित्रही त्याला कळत असावे, असा एक उदार समज आमच्या खानापुरात प्रचलित आहे. त्या समजाचे मी खंडन केले नाही, ही माझी पहिली चूक.

छायाचित्रांचे प्रिंट घरबसल्या मागविण्याची सोय आता झाली आहे. संगणकाच्या पडद्यावर शेकडो अरण्ये, धबधबे आणि सूर्योदय एकामागून एक सरकत जातात. पसंत पडेल त्याचे माप, कागद आणि चौकट निवडावी, पैसे भरावेत आणि वाट पाहावी. मी तीन चित्रे निवडली. त्यांपैकी एकाखाली 'पावसाळ्यातील सह्याद्री' असे स्पष्ट लिहिले होते. आठवडाभराने जाड पुठ्ठ्याच्या नळीतून ती आली, स्थानिक कारागिराने त्यांना काच आणि चौकट लावली, आणि एका सायंकाळी आरतीनंतर ती भिंतीवर चढली.

मंडळी बराच वेळ उभी राहिली, पण कोणी काही बोलेना. ज्यांना आम्ही सारे नुसते 'माम' म्हणतो ते एक वृद्ध गृहस्थ पुढे झाले, चष्मा पुसला, सह्याद्रीच्या त्या चित्राजवळ गेले, मागे आले आणि आमच्या घरगुती बोलीत म्हणाले, "चित्र बरें आसा, पूण हांतूंत आमचें रान खंय आसा?"

चित्र चांगले आहे, पण यात आमचे रान कुठे आहे? सभागृहात थोडा हशा पिकला. मी मात्र हसू शकलो नाही. त्या चित्रातील हिरवा रंग आमच्या रानात कोणत्याही ऋतूत भेटत नाही, हे मलाही त्याच क्षणी दिसले होते. शिवाय त्या चित्रांचे पैसे माझे नव्हते, देवाचे होते. माझ्या कार्यालयाच्या भिंतीवर मी काहीही टांगले असते, तर तो माझ्या अभिरुचीचा प्रश्न ठरला असता. देवस्थानाच्या पैशांतून घेतलेल्या वस्तूबद्दल मात्र हिशेब द्यावा लागतो. तो हिशेब देण्याच्या निमित्ताने छायाचित्रकलेचा जो थोडाबहुत विचार करावा लागला, तो वाचकांपुढे ठेवीत आहे.

घरात छापील चित्र टांगणे आपल्या समाजाला नवे नाही. 1894 साली मुंबईत राजा रविवर्मा यांचा छापखाना सुरू झाला. एकेका रंगासाठी एकेक दगड, अशा शिळामुद्रणाने त्याने लक्ष्मी, सरस्वती आणि शकुंतला घराघरांत पोहोचविल्या. औंधच्या संग्रहालयात रविवर्म्याची मूळ तैलचित्रे ज्यांनी पाहिली असतील, त्यांना मूळ आणि छापील यांतील अंतर चटकन कळते: मुळातील त्वचेची ऊब आणि वस्त्राचा पोत छपाईत बराच हरवलेला असतो. तरीही आपल्या आजीने त्या छापील लक्ष्मीपुढे निरांजन ओवाळताना मुळाशी तुलना केली नाही. तिला प्रतिकृती नको होती, दर्शन हवे होते. देवाच्या चित्रात पाहणाराची श्रद्धा उणीव भरून काढते. अरण्याच्या छायाचित्रापुढे आपण अशी श्रद्धा घेऊन उभे राहत नाही. तेथे चित्रालाच स्वतःच्या पायांवर उभे राहावे लागते.

छायाचित्रकलाही आपल्याकडे परकी म्हणण्याइतकी नवी राहिलेली नाही. मुंबईत 1854 साली छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली आणि तिच्या आरंभीच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. गोमंतकातील मांद्र्याशी नाते सांगणाऱ्या घराण्यातील एक वैद्यकशास्त्रज्ञ शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी कॅमेरा हाताळत होता, ही गोष्ट आपल्या वाचकांना अभिमानाची वाटेल. पण कॅमेरा हाती येणे वेगळे आणि प्रिंट पाहावयास शिकणे वेगळे. दुसरी गोष्ट आपण अजून पुरती शिकलो नाही, असे माझे मत झाले आहे.

आपल्या साहित्यशास्त्रात या प्रश्नाची एक जुनी वाट आहे. रसाची निष्पत्ती कशी होते, हे सांगताना श्रीशंकुकाने 'चित्रतुरगन्याय' मांडला. भिंतीवर रंगविलेला घोडा पाहून आपण 'हा घोडा' असे म्हणतो. ही प्रतीती सम्यक् नव्हे, कारण तेथे घोडा नाही. ती मिथ्याही नव्हे, कारण आपण फसलेलो नसतो. ती संशयही नव्हे आणि नुसते सादृश्यही नव्हे. या चारही प्रकारांहून निराळी अशी ती कलेची प्रतीती आहे. नटाला पाहून 'हा राम' असे आपण म्हणतो ते याच अर्थाने, असे शंकुकाचे म्हणणे. पुढे अभिनवगुप्ताने या मताचे परीक्षण केले आणि त्यातील दोष दाखविले. पण चित्रातला घोडा रसिकांच्या स्मरणातून गेला नाही.

छायाचित्रातील घोडा मात्र या न्यायात नीट बसत नाही. चित्रकाराने कधीही न पाहिलेला घोडा रंगविला तरी त्याला कोणी दोष देणार नाही. छायाचित्रातला घोडा कोठे तरी, कधी तरी, भिंगासमोर खरोखरीच उभा होता. त्याच्या अंगावरून परावर्तित झालेला प्रकाश आत शिरला म्हणूनच ते चित्र उमटले. म्हणजे छायाचित्र हा शपथेवर बोलणारा चित्रतुरग आहे. त्याच्यापुढे आपण रसिक म्हणून उभे राहतो आणि न्यायाधीश म्हणूनही. न्यायालयात ही दुसरी भूमिका आम्हांला रोजची आहे. यंत्रात साठविलेले चित्र पुराव्यात दाखल करावयाचे असेल, तर ते कोणत्या यंत्रातून, कसे आले याचे प्रमाणपत्र जोडावे लागते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 मध्ये ही तरतूद आहे आणि त्यापूर्वीच्या कायद्यातही ती होती. सभागृहाच्या भिंतीसाठी प्रमाणपत्राची अट घालावी, असे कोणी म्हणणार नाही. पण मामांचा प्रश्न हा, नीट पाहिले असता, उलटतपासणीचाच प्रश्न होता.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. कोणी म्हणेल, 'आमचे रान कुठे?' हा प्रश्नच अरसिकाचा आहे. कलेचा आस्वाद घेताना 'हे माझे, हे परक्याचे' ही भावना गळून पडावी लागते. भट्टनायकाने यालाच साधारणीकरण म्हटले. सीतेच्या शोकात प्रेक्षक आपल्या घरातील स्त्री शोधीत बसला तर रसभंग होईल. मग चित्रातील अरण्य खानापूरचे आहे की आणखी कोठले, याने काय बिघडते? हा आक्षेप मनात ठेवून मी पुढील दोन छायाचित्रांचा विचार केला. दोन्ही जगप्रसिद्ध आहेत.

पहिले अमेरिकेतील अॅन्सेल अॅडम्स याचे 'मूनराइज, हर्नांडेझ' हे होय. 1941 साली न्यू मेक्सिकोतील रस्त्याने जात असताना एका खेड्यावर चंद्र उगवलेला आणि मावळत्या उन्हात तेथील स्मशानातील शुभ्र क्रूस उजळलेले त्याने पाहिले. गाडी थांबवून त्याने कॅमेरा उभा केला. प्रकाशमापक सापडेना, तेव्हा चंद्राची दीप्ती किती असते हे पाठ असल्यामुळे त्यावरून हिशेब करून त्याने एक चित्र घेतले. दुसरे घेण्याची तयारी होईतो क्रूसांवरचे ऊन गेलेले होते. या एका निगेटिव्हवरून त्याने पुढील चार दशकांत हजाराहून अधिक प्रिंट स्वहस्ते काढले आणि ते सारे एकसारखे नाहीत. आरंभीच्या प्रिंटांत आकाश बरेचसे फिके आहे, त्यात ढगांचे पुसट पट्टे दिसतात. उत्तरकाळच्या प्रिंटांत तेच आकाश जवळजवळ काळेभोर झाले आहे आणि चंद्र एकटा तळपतो आहे. अॅडम्स तरुणपणी पियानोवादक होण्याच्या मार्गावर होता, आणि निगेटिव्ह म्हणजे लिहून ठेवलेली स्वररचना, प्रिंट म्हणजे तिचे प्रत्यक्ष वादन, अशी त्याची धारणा होती. आपल्याला हे समजावयास अडचण नाही. बंदिश एकच असते; ती सकाळच्या मैफलीत गाणाराने कशी मांडली आणि उतारवयात कशी मांडली, हे ऐकण्यासाठीच आपण पुन्हा पुन्हा जातो.

मग आकाश काळे करणारा अॅडम्स खोटा साक्षीदार का म्हणू नये? याचे उत्तर त्या चित्रातूनच मिळते. चित्र घेतल्याची तारीख त्याने टिपून ठेवली नव्हती आणि सालाबद्दलही तो निरनिराळे सांगत असे. पुढे खगोलशास्त्रज्ञांनी चित्रातील चंद्राचे स्थान मोजून गणित मांडले आणि ते 1941 च्या 1 नोव्हेंबरच्या सायंकाळचे आहे, असा निष्कर्ष काढला. आकाशाची छटा कितीही गडद झाली, तरी चंद्र होता तेथेच होता. स्वर लावण्याचे स्वातंत्र्य कलावंताने घेतले. बंदिशीतील शब्द बदलले नाहीत.

दुसरे चित्र जर्मनीतील आंद्रेआस गुर्स्की याचे 'ऱ्हाइन 2' (1999). हिरव्या गवताचा पट्टा, करड्या पाण्याचा पट्टा, पुन्हा हिरवळ आणि वर मळभ आलेले आकाश. भल्या मोठ्या आकाराच्या या प्रिंटमध्ये याखेरीज काही नाही. 2011 साली न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला 43 लाख डॉलरांहून अधिक किंमत आली. लिलावात कोणत्याही छायाचित्राला तोवर आलेली ती सर्वांत मोठी किंमत होती. आणि या चित्रातील नदी त्या रूपात कोठेही अस्तित्वात नाही. पलीकडच्या तीरावरील कारखान्याची इमारत, कुत्र्यांना फिरवणारी माणसे, सारे काही गुर्स्कीने संगणकावर पुसून टाकले आहे.

येथे शब्दच बदलले आहेत, हे उघड आहे. तरीही मी गुर्स्कीला दोषी धरीत नाही. आपण काय पुसले ते त्याने लपविलेले नाही. नदीची साक्ष देण्याचा दावा त्याने केला नाही. त्याने एक रचना केली आणि ती रचना म्हणूनच विकली. तो पुन्हा शंकुकाच्या घोड्याकडे वळला, एवढेच. चित्रात बदल केल्याने कोणी अपराधी ठरत नाही. बदललेल्या वस्तूचे जे वर्णन करून ती विकली जाते, त्या वर्णनात अपराध असू शकतो. 1930 च्या मालविक्री कायद्याने हा नियम केव्हाच सांगून ठेवला आहे. कलम 15 अन्वये वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळला पाहिजे. कलम 17 अन्वये नमुन्यावरून विकलेला माल नमुन्याशी जुळला पाहिजे. आणि नमुना व वर्णन दोन्ही असतील, तर नुसत्या नमुन्याशी जुळून भागत नाही. तांदळाच्या पोत्यांसाठी केलेला हा नियम कलेच्या समीक्षेलाही उपयोगी पडावा, याचे मलाच नवल वाटले.

आमच्या चित्राला हा नियम लावून पाहिला. प्रिंट पडद्यावरील नमुन्याशी बऱ्यापैकी जुळत होता; पण वर्णनाबद्दल मी विक्रेत्याला पत्र घातले, तेव्हा उत्तर आले की, 'सह्याद्री' हा उल्लेख 'प्रातिनिधिक' स्वरूपाचा समजावा! चित्र दुसऱ्याच कोठल्या तरी मुलखातील होते. मामांची दृष्टी अधू झाली आहे. पण सत्तर वर्षे ज्या रानाच्या कडेला ते वावरले, त्यातले एकही झाड त्या चित्रात नाही, हे त्यांनी चष्मा पुसून क्षणात ओळखले. हा अरसिकपणा नव्हता. चित्रावर 'सह्याद्री' असे लिहून विक्रेत्यानेच साधारणीकरणाचा मार्ग सोडला होता आणि विशेषाचा दावा केला होता. दावा केला की पुरावा मागितला जाणारच.

येथपर्यंत प्रकरण सोपे होते. कठीण प्रश्न याच्या पुढे आहे. समजा, ते चित्र खरोखरीच आमच्या भीमगडच्या रानाचे असते, रंगही खरे असते आणि एक पानही पुसलेले नसते. तर मामांच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले असते काय?

भीमगड अभयारण्य 2011 साली घोषित झाले. सुमारे 190 चौरस किलोमीटरांचे हे रान आमच्या तालुक्याच्या पश्चिमेस आहे. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेकडे वाहत कृष्णेला मिळते आणि याच डोंगरांतली म्हादई पश्चिमेकडे उतरून गोव्यात मांडवी होते. एकाच पावसाचे पाणी दोन समुद्रांना वाटून देणारी ही भूमी आहे. या रानात आमगाव, गवाळी, पास्तोली, कोंगळे, तळेवाडी अशी गावे आहेत. पावसाळ्यात ज्यांच्या वाटा बंद होतात, अशी माणसे तेथे राहत आली आहेत. याच रानातील बारापेडेच्या गुहांत राहणारे राउटनचे वटवाघूळ 1913 साली शास्त्राला ज्ञात झाले आणि कितीतरी वर्षे जगात अन्यत्र कोठे त्याचा ठाव लागला नव्हता. म्हादईच्या पाण्याच्या वाटपाबद्दल लवादाने 2018 साली निवाडा दिला. कणकुंबीजवळ कालव्याचे खोदकाम झाले. हे सारे आमचे रान आहे.

विकत मिळणाऱ्या निसर्गचित्रांत यातले काय दिसते? धुके, धबधबा, शेवाळलेला खडक, क्वचित एखादा धनेश पक्षी. हे सुंदर आहे आणि खोटेही नाही. परंतु माणूस दिसत नाही, गाव दिसत नाही, कालवा दिसत नाही. वटवाघूळ तर कोणी टांगणारच नाही. त्याला उलटे टांगून घेण्याचा सराव असला तरी! भिंगाची चौकट अशी धरली जाते की, अरण्य हे मनुष्याच्या पूर्वीचे, मनुष्याविना असलेले स्थळ वाटावे. अमेरिकेतील योसेमिटीच्या दरीची जी निर्मनुष्य भव्य चित्रे जगभर गेली, त्या दरीतून तेथील मूळ रहिवाशांना 1851 साली सशस्त्र तुकडीने हुसकावून लावले होते. चित्रात काही पुसावे लागले नाही. पुसण्याचे काम आधीच झाले होते.

करार कायद्याच्या कलम 17 मध्ये लबाडीची व्याख्या करताना एक मार्मिक स्पष्टीकरण दिले आहे. नुसते मौन ही लबाडी नव्हे, असे ते म्हणते. परंतु जेथे बोलणे हे कर्तव्य असेल, किंवा जेथे मौन हेच बोलण्यासारखे असेल, तेथे मात्र ते लबाडी ठरू शकते. दूरच्या शहरातील एखाद्याच्या दिवाणखान्यात निर्मनुष्य धबधबा लागला, तर त्या मौनाने कोणाचे नुकसान होत नाही. तोच धबधबा खानापूरच्या देवस्थानात लागला, तर मौन बोलू लागते. येथे येणाऱ्या भाविकांपैकी कोणाचे गाव त्या रानात आहे, कोणाचे शेत त्या पाण्यावर आहे. त्यांना आपण भिंतीवरून असे सांगतो की, तुम्ही नसता तर हे रान अधिक सुंदर दिसले असते. कलाकृतीचा अर्थ ती कोठे टांगली आहे यावरही ठरतो, हे मला या निमित्ताने प्रथमच स्वच्छ उमगले.

आपल्या परंपरेत अरण्याकडे पाहण्याची दुसरी रीत आहे आणि ती देवस्थानाच्या वाचकांना सांगावयास नको. देवराई ही निर्मनुष्य नसते. गावाने राखलेली असते. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा देवाच्या भयाने आणि प्रेमाने न तोडलेल्या त्या झाडोऱ्याचे मोल विद्वानांनाही कळले. घाटाखाली सत्तरीत 'निरंकाराची राय' म्हणून एक राई आहे. पाणथळ जागेतले, रानजायफळाच्या जातीचे ते दुर्मिळ वन आहे आणि त्याचा देव निरंकार. ज्याला आकार नाही अशा देवाच्या राईचे छायाचित्र काढणाराने काय करावे? मला वाटते, त्याने चिखलातून वर आलेल्या मुळ्या दाखवाव्यात, आणि त्यांच्याकडे जाणारी माणसाच्या पावलांची वाटही दाखवावी. निराकाराची खूण त्या वाटेवरच पटते.

मनुष्य न दाखवताही प्रामाणिक राहता येते, हेही येथे नमूद केले पाहिजे; नाही तर माझा निवाडा एकतर्फी होईल. सोंडूरच्या घोरपडे घराण्यातील एम. वाय. घोरपडे (1931-2011) हे कर्नाटकाचे अर्थमंत्री होते आणि त्याच वेळी वन्यजीवांचे नाणावलेले छायाचित्रकारही होते. 'सनलाइट अँड शॅडोज' हा त्यांचा ग्रंथ 1983 साली निघाला. त्यांची ख्याती मुख्यतः कृष्णधवल छायाचित्रांसाठी आहे. कृष्णधवल चित्र आपण सारे सांगत नाही, हे आरंभीच कबूल करून टाकते. रंगाचा मोह नसल्याने पाहणारा आकाराकडे, उजेडाकडे, प्राण्याच्या उभे राहण्याच्या ढबीकडे वळतो. अतिहिरव्या रंगाने माझी जी फसगत झाली, ती तेथे संभवतच नाही. शिवाय तो ग्रंथ म्हणजे त्यांची रोजनिशी आहे; पाहणारा माणूस चित्रात नसला तरी शेजारच्या मजकुरात हजर असतो. अॅडम्सच्या ज्या चित्राचा मी गौरव केला त्यातही चंद्राखाली चर्च आहे, घरे आहेत, स्मशान आहे. निर्जन पर्वतांचा चितारी म्हणून ज्याची ख्याती, त्याच्या सर्वांत लोकप्रिय प्रिंटमध्ये एक खेडे असावे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. माझ्या चुकांतून इतर देवस्थानांचे आणि गृहस्थांचे पैसे वाचले, तर हा लेख सार्थकी लागला असे समजेन.

पडदा स्वतः प्रकाश देतो, कागद दुसऱ्याचा प्रकाश परतवितो. म्हणून पडद्यावर जे झळकते ते कागदावर काळवंडते. मोठा प्रिंट मागविण्यापूर्वी त्याच कागदावर लहान नमुना मागवावा आणि जेथे चित्र लावावयाचे त्याच भिंतीशी, तेथल्याच दिव्यात तो पाहावा. मापाचा हिशेब साधा आहे: जवळून पाहावयाच्या प्रिंटला दर इंचाला 300 ठिपके धरले, तर 20 इंच रुंदीसाठी मूळ चित्र 6000 ठिपके रुंद असावे लागते, उंच भिंतीवर, दुरून पाहावयाचे असेल तर निम्म्यानेही भागते. पिगमेंट शाई आणि आम्लरहित सुती कागद यांचा खर्च अधिक, पण आयुष्यही अधिक. प्रिंट मर्यादित संख्येत काढला असे म्हटले असेल, तर ती संख्या आणि छायाचित्रकाराची सही लेखी मागावी. चित्र कोठे घेतले, केव्हा घेतले आणि त्यात काही काढले वा घातले आहे काय, हे तीन प्रश्न पैसे देण्यापूर्वी विचारावेत. प्रामाणिक कलावंताला त्यांचा राग येत नाही.

आमच्याकडील पावसाळा हा चित्राचा मोठा शत्रू आहे. काच थेट कागदाला चिकटू देऊ नये, मध्ये माउंट असावे. चौकटीच्या मागे बुचाचे तुकडे लावून भिंत आणि चित्र यांत वारा खेळण्यापुरते अंतर ठेवावे. समोर खिडकी वा नळीचा दिवा असेल, तर काचेत रान दिसण्याऐवजी आपलेच तोंड दिसते. देवालयात धूप, कापूर आणि समया असतात. त्यांच्या काजळीपासून चित्र दूर ठेवावे. पाहणाराने आधी चित्राच्या कर्णाच्या दीडपट अंतरावर उभे राहावे, मग जवळ जावे, मग पुन्हा मागे यावे. मामांनी नेमके हेच केले होते, आणि त्यांना ते कोणी शिकविले नव्हते.

कायद्याचे म्हणाल तर, माल पाहून घेण्याची वाजवी संधी खरेदीदाराला आहे (कलम 41). पण वाजवी मुदतीत नकार न कळवता माल ठेवून घेतला तर तो स्वीकारला असे धरले जाते (कलम 42). म्हणून प्रिंट आला की नळी उघडावी, 'सणाला उघडू' म्हणू नये. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. दूरच्या शहराचे हेलपाटे आता चुकले आहेत. मात्र प्रिंट विकत घेतला म्हणजे चित्राचा हक्क विकत घेतला असे होत नाही; देवस्थानाच्या स्मरणिकेत ते छापावयाचे तर छायाचित्रकाराची परवानगी हवी. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात छायाचित्राला 'कलाकृती' म्हटले आहे, मग त्यात कलागुण असो वा नसो. तोच कायदा चित्र, शिल्प वा रेखाटनाच्या मूळ प्रतीची दहा हजारांवर किमतीने पुनर्विक्री झाल्यास कर्त्याला त्यात वाटा देतो आणि छायाचित्रकाराला त्यातून वगळतो. दार उघडून पंगतीत घेतले, पण पान वाढले नाही, असा हा प्रकार आहे.

असो. देवाच्या पैशांचा हिशेब पुरा करतो. सह्याद्रीचे ते तथाकथित चित्र मी परत पाठविले आणि लिखापढीनंतर पैसे मिळाले. उरलेल्या दोघांपैकी एक, पावसाच्या थेंबांचे, वर्णनाचा कसलाच दावा न करणारे, आम्ही ठेवले. ते चांगले आहे. दुसऱ्याची किंमत मी स्वतः भरली आणि ते माझ्या कार्यालयात आहे. अशिलांना ते आवडते. रिकाम्या जागेसाठी तालुक्यातल्याच एका तरुण छायाचित्रकाराला आम्ही काम सांगितले. त्याने मलप्रभेच्या घाटाचे चित्र दिले: श्रावणातले गढूळ पाणी, घाटाच्या पायऱ्या, वाळत घातलेले एक लुगडे, आणि डाव्या कडेला पाण्यावर झुकलेले जांभळाचे झाड. समितीतल्या एकाला लुगडे खटकले. ते काढून टाकता येईल का, असेही विचारून झाले. आम्ही ते राहू दिले.

ते चित्र लागल्यावर मामांनी प्रश्न विचारला नाही. ते रोज आरतीनंतर त्याच्यापुढे थोडा वेळ उभे राहतात आणि कोणी पोर जवळ असेल तर त्याला बोटाने काही तरी दाखवतात. गेल्या आषाढातल्या वादळात ते जांभळाचे झाड मुळासकट नदीत गेले. आता ते आमच्या सभागृहातल्या भिंतीवरच आहे. आणि ते होते, येथेच होते, एवढी साक्ष त्या कागदाने दिली तरी देवाचे पैसे कारणी लागले, असे मी समितीच्या वार्षिक वृत्तांतात लिहून दिले आहे.